विमान आपणच चालवतो

एसटीत ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर बसलेला मराठी माणूस नुसता प्रवासी कधीच नसतो. आंबा घाटातलं वळण आलं की त्याचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर आपोआप दाबला जातो. समोरून ट्रक आला की तो पोट आत ओढून गाडी बारीक करतो आणि ट्रक निघून गेला की ‘हं, चला’ म्हणून परवानगी देतो. ड्रायव्हरला यातलं काही ठाऊक नसतं. तरी गाडी साखरप्याला सुखरूप पोचली ती दोघांच्या कष्टाने, याबद्दल पाठीमागच्या माणसाच्या मनात तिळमात्र शंका नसते.

माझं तर सगळं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं. काँक्रीट ओततो तो मजूर, पावत्या लावतो तो कारकून आणि उन्हात टोपी घालून उभा राहतो, काहीच करत नाही, पण ज्याच्यावाचून धरण उभं राहत नाही तो मी. याला देखरेख म्हणतात. ही सवय निवृत्तीनंतर सुटत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजणारा आमच्या घरात मीच.

लांब पल्ल्याच्या विमानात जिवाची जी उलघाल होते तिचं मूळ माझ्या मते इथे आहे. कोणी तिला उंचीची भीती म्हणतं, कोणी कोंडल्याची, कोणी थेट मरणाची. मरणाचं काय, ते आंबा घाटातही दर वळणावर उभंच असतं. पण तिथे आपला पाय पत्र्यावर असतो. विमानात ड्रायव्हर दिसतच नाही. २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर त्याच्या खोलीला बंदुकीच्या गोळीलाही न जुमानणारं दार बसवलंय आणि ते आतून बंद असतं. म्हणजे चाळीस वर्षांच्या देखरेखीचा अनुभव गाठीशी असलेला माणूस तिकीट काढून पंधरा-सोळा तासांसाठी बेकार होतो. बेकार माणसाचं डोकं रिकामं राहत नाही, हे गावातल्या कुठल्याही पारावर बघायला मिळेल.

त्यात आमची मुलं प्रेमापोटी तिकीट काढतात ते थेट विमानाचं. ‘बाबा, मध्ये कुठे बदलायची भानगड नको, तुम्ही गोंधळाल.’ गोंधळलो असतो तर निदान चार तास गोंधळण्यात गेले असते! एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघालं तेव्हा वाटेत कैरोला थांबलं, जिनिव्हाला थांबलं. माणसं खाली उतरली असतील, पाय मोकळे केले असतील, परमुलखातला चहा कसा वाईट असतो यावर दोन शब्द बोलली असतील. आता मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर एका दमात. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारं विमान तर जवळजवळ एकोणीस तास हवेत असतं म्हणे. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्याहून जास्त हाल कोणाचे तरी होताहेत ही बातमी कुठल्याही गोळीपेक्षा लवकर लागू पडते.

गोळीवरून आठवलं. अमेरिकेला निघालोय हे कळल्यावर सोसायटीतली निम्मी मंडळी ‘अर्धी गोळी’ घेऊन येतात. पूर्ण गोळी कोणीच देत नाही. ‘आमच्या मेहुण्यांनी अर्धीच घेतली, एकदम न्यूयॉर्कला डोळे उघडले.’ गोळीचं नाव मात्र कोणाला आठवत नाही, रंग आठवतो. आमच्या डॉक्टरांनी एकच सांगितलं, की झोपेची गोळी आयुष्यात पहिल्यांदा घ्यायची जागा विमान नव्हे. एक तर ती अंगाला कशी लागेल ते माहीत नाही आणि दुसरं, सोळा तास अंगाचं मुटकुळं करून न हलता पडून राहणं पायांतल्या रक्ताला मानवत नाही. मी एकही गोळी घेतली नाही. मेहुण्यांचा मान राखायला म्हणालो, घेतली अर्धी.

विमान उडताना आवाज फार करतं याची तक्रार मला नाही. आवाज म्हणजे काम चालू आहे. पण हजार-दीड हजार फूट वर गेल्यावर इंजिनाचा आवाज एकदम उतरतो आणि पोटात खड्डा पडतो. पहिल्यांदा मी खात्रीने समजलो होतो की बंद पडलं. हा प्रकार अगदी नेमाचा असतो. उडायला लागते तेवढी ताकद चढायला लागत नाही, म्हणून पायलट इंजिनाचा जोर कमी करतो. त्याआधी जो ‘धडाम’ होतो तो चाकं पोटात घेतल्याचा. घूं घूं करतात त्या पंखांच्या मागच्या पट्ट्या आत जाताना. ‘टिंग’ वाजतं ते बहुतेक वेळा कोणाला तरी पाणी हवं असतं म्हणून. हे सगळं निघण्याआधी कोणीतरी समजावून सांगितलं असतं, तर माझी खुर्चीच्या हातावरची पकड थोडी सैल झाली असती आणि त्या हातावर आधीपासून ज्यांचा हात होता त्या गृहस्थांनाही बरं वाटलं असतं.

आमच्या हिला यातलं काहीच लागत नाही. पट्टा बांधला, शाल पांघरली, संपलं. ‘अहो, झोपा की आता.’

‘झोप येत नाही.’

‘तुम्ही जागे राहिलात म्हणून विमान वर राहणार आहे का?’

या प्रश्नाचं खरं उत्तर मी दिलं नाही. दिलं असतं तर तिने मुलाला सांगितलं असतं.

बायकोचं घोरणं सुरू झाल्यावर मी नकाशा लावला. समोरच्या पडद्यावर पृथ्वी असते, तिच्यावर एक रेघ असते आणि रेघेच्या टोकाला मुंबईच्या आकाराचं विमान असतं. ते हलत नाही. दहा मिनिटं रोखून बघितलं तरी हलत नाही. क्षणभर नजर वळवली की नेमकं तेवढ्यात एखादा देश ओलांडून जातं. शिवाय ते सरळ जायचं सोडून वर वर, उत्तरेकडे निघालेलं असतं. न्यूयॉर्क मुंबईच्या उत्तरेला आहे हे मान्य, पण हा गडी न्यूयॉर्कच्याही वर चाललेला. माझ्यातला पाठीमागचा बाकवाला लगेच जागा झाला: फाटा चुकला! मग सर्व्हेचे जुने धडे आठवले. गोलावरची जवळची वाट सपाट नकाशावर वाकडी दिसते. २०२१ च्या जानेवारीत कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणलं ते चक्क उत्तर ध्रुवावरून. हे आठवल्यावर मी आमच्या पायलटला मार्गाबाबत मोकळीक दिली.

उंचीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. विमान पस्तीस हजार फुटांवर असतं, पण आतली हवा पस्तीस हजारांची नसते आणि मुंबईचीही नसते. ती सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगराइतकी विरळ ठेवलेली असते. आपलं कळसूबाईचं शिखर ५४०० फूट. म्हणजे आपण रात्रभर कळसूबाईच्याही वर बसून असतो, तेही चढाई न करता आणि गुडघ्याला समोरची खुर्ची लावून. तिथल्या हवेत ओलावा दहा-वीस टक्के. जुलैमधल्या मुंबईतून निघालेल्या माणसाचं नाक दोन तासांत पापडासारखं होतं. घसा सुकला, डोकं जड झालं, छाती किंचित भरल्यासारखी वाटली की अस्वस्थ माणूस ताबडतोब निदान करतो: हृदय! प्रत्यक्षात त्याला पाणी हवं असतं. पण पाणी प्यायलं की उठावं लागेल आणि उठलं की बाहेरच्या खुर्चीतल्यांना उठवावं लागेल, या विचाराने तो पाणी पीत नाही आणि हृदयाची काळजी करत बसतो.

पोटाचंही तेच. हवेचा दाब कमी झाला की वायू फुगतो; रॉबर्ट बॉइलने सतराव्या शतकात सांगून ठेवलंय. विमानातल्या दाबाला तो पाव ते तिसऱ्या हिश्शाने वाढतो. हिने पर्समध्ये ठेवलेलं बाकरवडीचं पाकीट उशीसारखं टम्म फुगलं होतं. जे पाकिटाचं होतं तेच आतड्यांचं होतं, फरक इतकाच की पाकिटावर ‘इथे फाडा’ असं छापलेलं असतं. म्हणून निघायच्या दिवशी ‘परत कधी मिळणार’ म्हणत मटकीची उसळ दोनदा वाढून घेणाऱ्यांच्या आसपास जागा मिळू नये, एवढी प्रार्थना करावी. पोटातली ही कुरकुर छातीपर्यंत चढली की भीतीसारखीच लागते. माझा असा कयास आहे की उंच आकाशात केलेल्या अंतिम प्रार्थनांपैकी बऱ्याच प्रार्थनांचं खरं कारण कडधान्य असावं.

जेवणाबद्दल सगळेच तक्रार करतात, पण इथे मला स्वयंपाक्याची बाजू घ्यावीशी वाटते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी २०१० च्या सुमारास विमानाच्या डब्यात कमी दाब ठेवून माणसांना जेवू घातलं. मीठ आणि गोड दोन्ही कमी लागतं असं निघालं. टोमॅटोचा रस मात्र जमिनीवर मातकट आणि वर चविष्ट लागला. जर्मन लोकांना यासाठी प्रयोगशाळा लागली. आमच्याकडे प्रवासाला निघताना शेंगदाण्याची चटणी कागदात बांधून घ्यायची रीत आहे; ती का आहे, हे आजवर कोणी विचारलं नाही.

रात्र कधी सुरू झाली आणि कधी संपणार हे कळत नसतं, तेव्हा सुनेने फोनमध्ये लिहून दिलेला उपाय काढला. घाबरल्यासारखं झालं की दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन आणि चवीची एक अशा मनात मोजायच्या. मन भलतीकडे जायचं थांबतं. उपाय मानसशास्त्रातला आहे, चांगला आहे, पण तो बागेत बसून लिहिलेला असावा. मला दिसणाऱ्या पाच गोष्टी: पुढची खुर्ची, पुढच्या खुर्चीतलं टक्कल, पुढच्या खुर्चीचा पडदा, पडद्यावरचं न हलणारं विमान आणि पुन्हा टक्कल. स्पर्शाच्या चारांपैकी दोन शेजाऱ्याच्या होत्या. ऐकू येणाऱ्या तिन्ही गोष्टी म्हणजे तीन वेगवेगळी बाळं. वासाच्या दोन म्हणजे कमीच सांगितल्या होत्या. कोणीतरी बूट काढले होते. तरी उपाय चालला हे प्रामाणिकपणे नोंदवतो. टक्कल दुसऱ्यांदा मोजताना मला हसू आलं आणि हसताना घाबरता येत नाही.

मग हादरे सुरू झाले. पट्ट्याचा दिवा लागला. विमान खाली आदळल्यासारखं वाटलं. पोट जे सांगतं त्याच्या मानाने विमान बहुतेक वेळा फार थोडंच हलतं, पण त्या क्षणी पोटाशी वाद घालणार कोण? खिडकीतून पंखाचं टोक वरखाली होताना दिसत होतं. आयुष्यभर बांधकाम बघितलेल्या माणसाने जे वाकतं त्यावर विश्वास ठेवायचा नसतो, अशी माझी समजूत. पण मीच शिकलो होतो की जे वाकत नाही ते मोडतं. बोइंगवाल्यांनी २०१० मध्ये ड्रीमलायनरचे पंख जमिनीवर दोरखंडांनी ओढून बघितले. उड्डाणात कधी येईल अशा जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार दिला आणि पंख पंचवीस फूट वर वाकले, मोडले नाहीत. आमच्या खात्यात एखादी तुळई पाव इंच वाकली तर चौकशी समिती बसायची. दुखापत होते ती बहुधा पट्टा न बांधलेल्यांना. मी पट्टा इतका आवळला की शेंगदाण्याची चटणी वर आली.

कडेच्या खुर्चीत साताऱ्याच्या एक आजी होत्या. नातवाच्या बारशाला चालल्या होत्या. हादरे सुरू झाल्याबरोबर त्यांनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली, घाई नाही, चुकायचं नाही, एका श्वासात एक ओळ. ती संपेपर्यंत त्यांचा चेहरा दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा झाला. यात श्रद्धेचा भाग किती तो त्यांच्या आणि रामाच्या मधला. श्वासाचा भाग मात्र मोजलेला आहे. इटलीतल्या संशोधकांनी लॅटिनमधली जपमाळ आणि योगातला मंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले आणि २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. दोन्हींनी श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाची लय सुधारते. मीही सुरू केलं. मधल्या ओळी आठवेनात, म्हणून पाटबंधारे खात्याची दरसूची म्हटली. तीही लांबलचक आणि संथ आहे. गुण आला.

हादरे थांबल्यावर मी उठलो. चार तासांहून लांब बसल्या प्रवासात पायाच्या शिरांत रक्त गोठायचा धोका साधारण दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. तो तरीही धडधाकट माणसांत सहा हजारांत एखाद्याला, हे त्याच अहवालात पुढे आहे. पण अस्वस्थ माणूस पुढचं वाचत नाही. मी शतपावली घातली. मागच्या स्वयंपाकघरापर्यंत जायचं, वळायचं, पुढच्या पडद्यापर्यंत यायचं. पडद्यापलीकडे लोक आडवे झोपलेले असतात. तिकडे बघायचं नाही. चालता चालता दुसऱ्यांचे सिनेमे बघावेत. आवाज नसल्यामुळे सगळेच बरे वाटतात.

मागे एक मुलगी पेले लावत उभी होती. हवाईसुंदरी म्हणायचं मला धाडस होत नाही, माझ्या पुतणीच्या वयाची होती. डोंबिवलीची निघाली.

‘काका, काही हवंय का?’

‘नको, नको. जरा बघायला आलो.’ अधिकाऱ्याने साइटवर आल्यावर जे म्हणायचं तेच तोंडातून गेलं. मग आवाज खाली आणून विचारलं, ‘ड्रायव्हर किती आहेत?’

‘इतक्या लांबच्या फ्लाइटला चार पायलट असतात, काका.’

‘वा. चौघं बसलेत पुढे?’

‘नाही, आत्ता दोघं झोपलेत.’

मी भिंतीला धरलं. तिने बोट वर केलं. छताच्या आत, सामानाच्या कप्प्यांच्या वरच्या अंगाला, पलंग असतात. कपाटासारखं दार, आत छोटा जिना. पायलट आळीपाळीने तिथे झोपतात आणि हिच्या सहकाऱ्यांसाठीही मागच्या बाजूला तशीच सोय. मी सात तास डोळ्यांत तेल घालून जागा आणि माझ्या डोक्यावर अक्षरशः माणसं झोपलेली! आमच्या खात्यातही साइटवर निम्मी माणसं झोपायची, पण त्यासाठी मंजूर पलंग नव्हते. तिने शांतपणे समजावलं: झोपलेला माणूस उठून उतरवतो म्हणूनच तर विमान नीट उतरतं, जागून जागून थकलेला पायलट कोणाला हवाय? हे मला पटलं. मुकादमाला पाळी लावून दिली नाही तर भिंत तिरकी येते, हे मीच कितीदा फायलीवर लिहिलं होतं.

‘भीती वाटते का, काका?’

‘मला? छे. हिला जरा वाटते.’

ती हसली. अशी न भिणारी माणसं तिला रोज भेटत असणार. म्हणाली, ‘मग काकूंना सांगा, हादरे बसले की आमच्याकडे बघायचं. आम्ही पाणी वाटत असलो, गप्पा मारत असलो, तर सगळं ठीक आहे.’

या एका वाक्याने माझा प्रश्न सुटला. मला काम मिळालं! उरलेले आठ तास मी त्या पाच-सहा जणांवर डोळे लावून होतो. कोण किती पाणी वाटतंय, कोण हसतंय, कोणाचा चेहरा गंभीर आहे. एकीचा होता, चौकशी केली, तिचा बूट चावत होता. दुसरी दोन रांगा चहा द्यायला विसरली, मी खुणेने लक्षात आणून दिलं. हादरे पुन्हा आले, तेव्हा मी मोजणीत इतका गुंतलो होतो की पट्टा बांधायची आठवण आजींनी केली.

जागरणाचं म्हणाल तर चार्ल्स लिंडबर्ग १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा विमान घेऊन गेला, तेव्हा साडेतेहतीस तास जागं राहण्यासाठी झगडत होता आणि शेवटी शेवटी त्याला विमानात भुतं दिसायला लागली होती. त्याला झोपायचं नव्हतं, आम्हाला झोप येत नाही. त्याला निदान विमान चालवायला दिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात पर्थहून सिलोनला जाणारी क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीची समुद्री विमानं २७ ते ३३ तास हवेत राहत. जपानी कानांच्या धास्तीने रेडिओ बंद, जास्तीत जास्त तीन प्रवासी, एकाच प्रवासात दोन सूर्योदय. उतरल्यावर प्रवाशाला दोन सूर्योदय पाहणाऱ्यांच्या गुप्त संघाचं प्रमाणपत्र मिळायचं. आपल्याला काय मिळतं? ओल्या कागदाचा रुमाल. विमान कंपन्यांनी यावर विचार करावा. साध्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी, ‘श्री. अमुक यांनी संपूर्ण प्रवासात जागे राहून सहकार्य केले’ एवढं दिलं, तर सांगलीत ते चौकटीत लावणारे शेकड्याने निघतील.

न्यूयॉर्कला चाकं टेकली आणि सगळं विमान एका झटक्यात उभं राहिलं. दारं बंद, शिडी लागलेली नाही, तरी प्रत्येक जण कप्प्याखाली मान तिरकी करून उभा. सोळा तास बसून कंटाळलेली माणसं वीस मिनिटं वाकून उभी राहण्यात किती आनंदी असतात! ही जागी झाली, शालीची घडी घातली आणि ‘आलं का? इतक्यात?’ म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. फोन सुरू केला तर मुलाचाच आला.

‘बाबा, उतरलात? कसा झाला प्रवास?’

‘आणलं व्यवस्थित,’ मी म्हणालो.

हिने माझ्याकडे नीट बघितलं. मग पर्स खांद्याला अडकवत म्हणाली, ‘हो का? मग आता त्या तेवीस तेवीस किलोच्या चार बॅगाही तुम्हीच आणा.’